एका दिवसाचे नाटक आणि प्रतिभेचा प्रश्न

चोवीस तासांच्या नाट्यमहोत्सवात आदल्या रात्री नाटक नावाची गोष्टच नसते आणि दुसऱ्या रात्री ती होऊन संपलेली असते. रात्री नऊ-दहाच्या सुमारास लेखक, दिग्दर्शक आणि नट एकत्र जमतात. प्रत्येक नटाने घरून एखादी वस्तू आणि एखादा पोशाख आणायचा असतो. आपल्याला कोणती वेगळी कला येते आणि रंगमंचावर आजवर काय करायचे राहून गेले, हेही त्याने सर्वांसमोर सांगायचे असते. एवढ्या सामग्रीवर लेखक आपापले नट निवडतात. मग बाकीचे झोपायला जातात, लेखक जागत बसतात. सकाळी सहा-सातपर्यंत सुमारे दहा मिनिटांची संहिता तयार व्हावी लागते. दिग्दर्शक सगळ्या संहिता वाचून आपले नाटक ठरवतात, नट आठ-नऊला येतात आणि दिवसभर तालीम चालते. दुपारनंतर प्रकाश आणि ध्वनी जुळवण्यासाठी प्रत्येक चमूला थोडा वेळ मंच मिळतो. संध्याकाळी सात-आठला पहिले नाटक सुरू होते. साधारण सहा नाटके एकामागून एक होतात. प्रयोग एकदाच.

हा प्रकार १९९५मध्ये टीना फॅलन यांनी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात सुरू केला. त्याच्या पाच वर्षे आधी स्कॉट मॅक्क्लाउड या चित्रकथाकाराने चोवीस तासांत चोवीस पानांची चित्रकथा पूर्ण करण्याचे आव्हान स्वतःपुढे ठेवले होते. २००१पासून ब्रॉडवेवर आणि २००४पासून लंडनच्या ओल्ड व्हिक नाट्यगृहात नामवंत कलावंत असे प्रयोग करू लागले. पण हा प्रकार खऱ्या अर्थाने रुजला तो अमेरिका आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांत. त्याला पैसा लागत नाही, नेपथ्य लागत नाही. एक सभागृह, एक रात्र आणि झेरॉक्सचे यंत्र एवढ्यावर काम भागते. विसाव्या वर्षी जागरणाचे फारसे काही वाटत नाही, हेही खरे.

वरवर पाहता हा तरुणांचा उत्साही उपक्रम आहे. मात्र त्याच्या पोटात तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे. जे एका रात्रीत सुचते ते कोणाचे? लिहिणाऱ्याचे, त्याच्यामागे उभ्या असलेल्या परंपरेचे, की माणसाच्या ताब्यात नसलेल्या एखाद्या शक्तीचे? आणि विचार करायला वेळच न देता घडवलेल्या वस्तूला निर्मिती म्हणायचे का?

ग्रीक परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर प्लेटोच्या ‘आयन’ या संवादात मिळते. होमरची काव्ये गाऊन दाखवणारा आयन आणि सॉक्रेटिस यांच्यातले हे संभाषण आहे. कवी विद्येच्या बळावर रचत नाही, दैवी संचार झाल्यावर तो बोलतो, असे सॉक्रेटिस मांडतो. लोहचुंबकाला एक कडी चिकटते, त्या कडीला दुसरी. तसा काव्यदेवीपासून कवीत, कवीपासून गायकात आणि गायकापासून श्रोत्यांत हा संचार उतरतो. पुराव्यासाठी तो खाल्किसच्या टिन्निकस नावाच्या कवीचे उदाहरण देतो. या कवीने जन्मभर लक्षात राहावे असे काही लिहिले नाही, पण त्याचे एक स्तोत्र मात्र सर्वांच्या तोंडी होते. सामान्य कवीच्या मुखातून सर्वोत्तम गीत वदवून देवाने कर्ता कोण ते दाखवून दिले, असा सॉक्रेटिसचा युक्तिवाद आहे. विद्यार्थी नाटकांच्या रात्री असे टिन्निकस भेटतात. आधी काही न लिहिलेली, नंतरही कदाचित न लिहिणारी एखादी मुलगी पहाटे पाच पाने देते आणि संध्याकाळी सभागृह स्तब्ध होते.

तरीही प्लेटोचे उत्तर इथे पुरे पडत नाही. दैवी संचाराला वेळापत्रक नसते. महोत्सवाला ते असते आणि त्या वेळापत्रकात संहिता येतातही. सगळ्या चांगल्या नसतील, पण येतात. सकाळी सातला देवी प्रसन्न होईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. त्यामुळे आदल्या रात्री लेखकाच्या ठायी काय होते, ते शोधावे लागते.

भारतीय काव्यशास्त्राने हा शोध अधिक चिकाटीने घेतला आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना मिळून काव्याचे एकच कारण मानले, यातले एक जरी गळाले तरी काव्य उभे राहत नाही. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथांनी ‘रसगंगाधरा’त वेगळी भूमिका घेतली. काव्याचे कारण प्रतिभा एवढेच; ती प्रतिभा कधी अदृष्टाने, म्हणजे दैवकृपेने, लाभते, कधी व्युत्पत्ती, म्हणजे विद्वत्ता, आणि अभ्यास यांनी घडते. शिक्षण नसलेल्या लहान मुलालाही काव्य स्फुरते, त्याअर्थी तिन्ही कारणांची सक्ती करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. या दोघांच्याही आधीचा भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त प्रतिभेला एका क्षणात होणारे अखंड आकलन मानतो. वाक्याचा अर्थ सुटे शब्द जोडून कळत नाही, तो एकदम उजळतो. पक्ष्याला घरटे बांधायला कोणी शिकवत नाही, तेही त्याच्या मते प्रतिभेचेच काम. मात्र या क्षणिक वाटणाऱ्या गोष्टीची जी सहा कारणे तो सांगतो, त्यांत स्वभावाबरोबर अभ्यासही आहे. म्हणजे स्फुरण क्षणाचे असले, तरी त्याची तयारी क्षणाची नसते.

या चर्चेत चोवीस तासांच्या नाटकाला सर्वांत जवळचा आचार्य म्हणजे राजशेखर. इसवी सन ९००च्या आगेमागे कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी असलेला हा नाटककार आपल्या पणजोबांचा, अकालजलदाचा, उल्लेख महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून करतो. त्याच्या ‘काव्यमीमांसे’तल्या एका अध्यायात कवीची दिनचर्या आहे. कवी केव्हा लिहितो यावरून त्याने चार प्रकार केले आहेत. गुहेत किंवा आतल्या खोलीत शिरून, सूर्यही न पाहता तल्लीनतेने लिहिणारा तो असूर्यंपश्य. मनात आले की बसणारा, पण तितका तल्लीन नसणारा तो निषण्ण. नोकरीचाकरीतून सवड काढून लिहिणारा दत्तावसर. आणि एखाद्या प्रसंगासाठी, ठरल्या निमित्ताने रचणारा प्रायोजनिक. याची लिहिण्याची वेळ ते निमित्तच ठरवते. दरबारी कवीला सण, विजय, राजपुत्राचा जन्म अशा निमित्तांनी रचना करावीच लागे. राजशेखराने प्रायोजनिकाला कवींच्या यादीत इतरांच्या बरोबरीने जागा दिली, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. महोत्सवातला लेखक प्रायोजनिक असतो, आणि त्याला एका रात्रीपुरते असूर्यंपश्य व्हावे लागते.

त्याच अध्यायात राजशेखर कवीचा दिवस चार प्रहरांत वाटतो. पहिल्या प्रहरी विद्यांचे अध्ययन, दुसऱ्या प्रहरी रचना, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी, समस्यापूर्ती यांसारखे व्यवहार. चौथा प्रहर सकाळच्या रचनेच्या परीक्षणाचा. तेही एकट्याने किंवा मोजक्या माणसांसोबत. रसाच्या भरात रचणाऱ्याची दृष्टी विवेकी राहत नाही, म्हणून नंतर शांतपणे तपासावे, हे त्यामागचे कारण. प्रतिभेचेही तो दोन भाग करतो. रचणारी ती कारयित्री आणि पारखणारी, रसिकाच्या ठायी असणारी ती भावयित्री. एका दिवसाच्या नाटकात तिसऱ्या प्रहरापर्यंतचे सगळे बसते आणि चौथा प्रहर गळतो. या प्रकाराची खरी उणीव इथे आहे.

वेग आणि विचार यांच्या नात्यावर भारतीय मनाने एक कथाच रचून ठेवली आहे. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी गणेशाला बोलावले, तेव्हा आपली लेखणी क्षणभरही थांबता कामा नये अशी अट त्याने घातली. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. मग व्यास मधूनमधून एखादा अवघड कूटश्लोक घालत. गणेश त्याचा अर्थ लावण्यात गुंतला की तेवढ्या वेळात पुढचे रचून ठेवत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत ही कथा मूळ पाठात नाही, ती परिशिष्टात गेली आहे. ती मागाहून घातलेली असेल, पण ज्या कोणाला ती घालावीशी वाटली त्याला निर्मितीचे मर्म कळले होते. न थांबणारा हात आणि समजून घेण्यासाठी थांबणारे मन, दोन्ही एकाच कामात हवीत. पहाटे तीन वाजता अर्धी संहिता झालेल्या विद्यार्थ्यापाशी न थांबण्याची अट तेवढी उरते.

तरीही लोकरंगभूमीने शतकानुशतके ऐनवेळी नाटक उभे केले आहे. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्या दशावतारात लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात कंपनी उतरते. आज कोणते आख्यान लावायचे आणि कोणी कोणते सोंग घ्यायचे, हे जाणता माणूस रंगायला बसलेल्या नटांना सांगतो. कथेचे टप्पे तेवढे ठरतात. राजा समोरच्या राक्षसाला काय बोलेल, राणीचा विलाप किती लांबेल, हे मंचावरच ठरते आणि प्रयोग रात्रभर चालतो. इटलीतल्या कोमेदिया देल आर्ते या नाट्यप्रकाराची रीतही अशीच होती. फ्लामिनिओ स्काला याने १६११मध्ये अशा पन्नास कथानकांचा संग्रह छापला. त्यात प्रसंगांचा क्रम दिला आहे, संवाद नटांवर सोडले आहेत.

ही उदाहरणे घाईचे समर्थन करत नाहीत. दशावतारी नट ऐनवेळी बोलतो, पण पुराणकथा त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. युद्धाची बोली, शृंगाराची बोली, शापाची बोली त्याच्या जिभेवर घोळलेली असते. त्याचे एका रात्रीचे नाटक वीस-पंचवीस वर्षांच्या साठ्यावर उभे असते. महोत्सवातल्या विद्यार्थ्याकडेही साठा असतो, पण तो वेगळा. घर, महाविद्यालय, मालिका, चित्रपट, मोबाइलवर पाहिलेले तुकडे, आणि थोडेफार वाचन. रात्री दोन वाजता जे सुचते ते याच साठ्यातून.

योगशास्त्राच्या भाषेत तो साठा म्हणजे संस्कार. प्रत्येक अनुभव चित्तावर ठसा ठेवून जातो आणि निमित्त मिळाले की तो ठसा वर येतो. वेळेची मर्यादा हे असेच निमित्त. मात्र संस्कार वर येताना चांगले-वाईट निवडून येत नाहीत, सवयही त्याच वाटेने येते. म्हणून एका रात्रीत लिहिलेल्या नाटकांत काही गोष्टी फार वेळा दिसतात. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेली दोन माणसे, शेवटी स्वप्न निघालेली घटना, आणि लेखकाला काही सुचत नाही याच विषयावरचे नाटक. उत्स्फूर्त म्हणून जे कौतुकाने पाहिले जाते, त्यातले पुष्कळसे पूर्वी ऐकलेले असते. ‘इम्प्रो’ या १९७९च्या पुस्तकाचे लेखक कीथ जॉन्स्टन यांची शिकवण याच्या उलट दिशेने जाते. नटाने वेगळे दिसण्याचा अट्टहास सोडावा, त्याला जे उघड आणि साहजिक वाटते तेच करावे. खरे वेगळेपण तिथेच असते, असे ते मानत. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. ज्याचे पाहणे स्वतःचे आहे, त्याला साहजिक वाटणारी गोष्टही स्वतःची असते. ज्याने पाहणेच उसने घेतले आहे, त्याला एका रात्रीत उसनेच सुचणार. चोवीस तासांची अट हा फरक निर्दयपणे उघडा पाडते, आणि शिक्षण म्हणून तिचे मोठे मोल यात आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप फ्रेंच तत्त्वज्ञ आंरी बर्गसाँ यांच्या विचारातून निघतो. १९०७च्या ‘क्रिएटिव्ह इव्होल्यूशन’ या ग्रंथात त्यांनी पाण्यात विरघळणाऱ्या साखरेचे उदाहरण दिले. ती विरघळेपर्यंत थांबावेच लागते, तो वेळ कोणी आखडू शकत नाही. कलावंताच्या बाबतीतही निर्मितीला लागणारा काळ हा निर्मितीचाच भाग असतो. तो कमी-जास्त केला की घडणारी वस्तूच बदलते. मग महिन्यांचे काम एका दिवसात कोंबणारा महोत्सव निर्मितीचा गळा घोटतो, असे म्हणावे लागेल.

आक्षेप बरोबर आहे, पण त्याने महोत्सव खोडून निघत नाही. वेगळ्या काळात वेगळी वस्तू घडते, हे बर्गसाँ यांचेच म्हणणे. दहा मिनिटांचे हे नाटक म्हणजे दोन अंकी नाटकाचा आखडलेला अवतार नव्हेच. त्याच्या घडण्याला हाच दिवस लागतो. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची कथा शक्यतो सूर्याच्या एका फेरीत आटपते, असे निरीक्षण नोंदवले होते. इथे लिहिणे, बसवणे आणि पाहणे, सगळेच त्या एका फेरीत येते. त्या फेरीच्या आधीची वीस वर्षे मात्र मोजणीत धरायची राहून जातात.

वेळेची अट नेमके काय करते, हे समजायला घरातल्या पूजेतला संकल्प उपयोगी पडतो. संकल्पात देश आणि काळाचा उच्चार होतो, कोणते कर्म करणार ते सांगितले जाते आणि पाणी सोडले जाते. त्यानंतर दुसरे काही करता येत नाही, कर्म पुरेच करावे लागते. रात्री दहाला महोत्सवातला लेखक असाच बांधला जातो. लिहिता आली असती अशी शेकडो नाटके तिथे संपतात आणि एक उरते. नवोदिताला सर्वांत जास्त छळतो तो ‘याहून बरे सुचेल’ हा विचार, आणि संकल्पाने तो बंद होतो. याला निष्काम कर्म म्हणण्याचा मोह टाळायला हवा. फळाची आस इथे सुटलेली नसते, टाळ्या त्याच रात्री हव्या असतात. सुटतो तो कर्तेपणाचा ताठा, तोही थोडा. सकाळी संहिता दिली की लेखकाचा हक्क संपतो. तो झोपलेला असताना दिग्दर्शक त्याची वाक्ये कापतो, नट आपली भर घालतो. संध्याकाळी प्रेक्षकांत बसून तो जे पाहतो, त्यातले किती आपले हे त्यालाही सांगता येत नाही.

संध्याकाळच्या त्या तासाभरात एक क्षण हमखास येतो. नट वाक्य विसरतो. प्रॉम्प्टर नसतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला नाट्यप्रयोग चालू असताना चिडलेल्या असुरांनी आणि विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्राने ध्वजाचा दंड उचलून असुर-विघ्नांना झोडपले. तोच दंड जर्जर या नावाने पुढे रंगपूजेत मानाने आला. नाट्याच्या जन्मकथेतच नट अडखळलेला आहे. चोवीस तासांच्या नाटकात जर्जराचे काम सहनट करतो. तो समोरच्याचे गोठलेले डोळे पाहतो, हातातली छत्री त्याच्यापुढे धरतो, संहितेत नसलेला एक साधा प्रश्न विचारतो आणि नाटक पुढे सरकते. ऐकण्याची ही कसोटी तीन महिन्यांच्या घोटीव तालमीत क्वचितच लागते.

मग प्रयोग संपतो, वस्तू ज्याच्या त्याच्या घरी जातात. पुन्हा न होणाऱ्या दहा मिनिटांचे मोल काय, हा प्रश्न मीमांसकांनी यज्ञाबद्दल विचारला होता. आहुती दिली की ती जळून जाते, कर्म तिथेच संपते. फळ तर पुढे केव्हातरी मिळायचे. मधल्या काळात त्या कर्माचे काय उरते? या पेचातून त्यांनी ‘अपूर्व’ ही कल्पना मांडली. कर्म नष्ट झाले तरी त्यातून उपजलेले, डोळ्यांना न दिसणारे सामर्थ्य टिकते, आणि तेच फळापर्यंत पोहोचवते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’त नाट्याला देवांचा डोळ्यांनी पाहायचा यज्ञ म्हटले आहे, तेव्हा हा विचार नाटकाला लावण्यात ओढाताण नाही. एका दिवसाचे नाटक कृती म्हणून पाहिले तर बरेचदा कच्चे असते. कर्म म्हणून ते पूर्ण असते.

मीमांसेतला आणखी एक भेद इथे लागू पडतो. रोज करायचे ते नित्य कर्म, निमित्त आले की करायचे ते नैमित्तिक. अमेरिकन नाटककार सुझन-लोरी पार्क्स यांना २००२मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरपासून त्यांनी वर्षभर रोज एक छोटे नाटक लिहिण्याचे व्रत घेतले आणि पार पाडले. २००६-०७मध्ये अमेरिकेतल्या शेकडो नाट्यसंस्थांनी आणि विद्यापीठांनी वाटून घेऊन ती नाटके केली. रोज एक नाटक लिहिणे हे नित्य कर्म, चोवीस तासांचा महोत्सव नैमित्तिक. धर्मशास्त्रात दोन्ही सांगितली आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही. वर्षातून एकदा रात्र जागवून नाटककार होता येत नाही.

महाराष्ट्रातली विद्यार्थी रंगभूमी स्पर्धेवर पोसली आहे. पुण्यात १९६३पासून चाललेल्या पुरुषोत्तम करंडकाने आणि त्यामागून आलेल्या एकांकिका स्पर्धांनी मराठी नाटकाला लेखक दिले, नट दिले, दिग्दर्शक दिले. तिथे पावसाळाभर तालमी होतात, संहितेचे खर्डे पुन्हा पुन्हा फाडले जातात. राजशेखराचा चौथा प्रहर या तालमींनी जपला आहे आणि तो सोडता कामा नये. पण परीक्षकांच्या धाकात वाढलेल्या मुलांना चुकायला मोकळी जागाही हवी. महाविद्यालयांनी वर्षातून एक रात्र सभागृह उघडे ठेवून असा महोत्सव भरवावा. त्याला करंडक ठेवू नये, परीक्षक बोलावू नयेत. आठवड्याने त्याच मुलांनी त्याच संहिता घेऊन पुन्हा बसावे आणि टाळ्या विसरून, मोजक्या जाणत्यांसमोर त्या वाक्यावाक्याने तपासाव्यात.